कोऱ्या कापडावरचं शेवाळ

मागच्या रविवारी मी तुम्हाला एका चिंधीचा फोटो पाठवला होता. धाकट्याने विचारलं, "आजी, हे भरतकाम तू केलंस का?" आणि ताई म्हणाली की भरतकाम कसलं, डाग आहे तो. दोघांचंही अगदीच चुकलेलं नाही. फोनवर सगळं सांगता येत नाही, मध्येच तुमची बस येते, म्हणून लिहून पाठवते आहे. एखादा शब्द अडला तर आईला विचारा.

ते खाडीतलं हिरवं शेवाळ आहे. तुमची आई तिसरीत होती त्या वर्षी मी ते काढलं. तेव्हा मी भिवंडीतल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि शेवाळं हा माझा विषय होता. शेवाळ म्हटलं की लोकांना न्हाणीघरात पाय घसरलेला आठवतो. पण तळ्यात, विहिरीत, लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडवरच्या टाकीत आणि खाडीत वेगवेगळी शेवाळं असतात. ती गोळा करून प्रत्येकाला त्याचं बरोबर नाव देणं हे माझं काम होतं.

हे काम आम्ही डोळ्यांनी करायचो. धागा आहे की पापुद्रा? फांद्या फुटतात का? मायक्रोस्कोपखाली पेशीतलं हिरवं द्रव्य पट्टीसारखं गुंडाळलेलं दिसतं की चांदणीसारखं? मग एक जाड पुस्तक उघडायचं. त्यात प्रश्नांची रांग असते. उत्तर हो असेल तर या पानावर जा, नाही असेल तर त्या. शेवटच्या पानावर नाव मिळतं. मला ही पद्धत मनापासून आवडायची. माझ्या स्वयंपाकघरातले डबे कसे उंचीप्रमाणे लावलेले असतात ते तुम्ही पाहिलं आहे, तेव्हा हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आमच्या लॅबमध्ये एक मदतनीस होते. कॉलेजात अशा माणसाला मामा म्हणायची रीत आहे, वय काही का असेना. हे मामा माझ्याच वयाचे, वळ गावचे. त्यांच्या घरची भातशेती खाडीच्या बाजूला होती. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून तिथे मातीचा बांध होता आणि बांधाला उघाडी होती. उघाडी म्हणजे आतलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं लाकडी दार. मामांनीच मला ती जागा दाखवली. चिखलात माझी चप्पल रुतली ती त्यांनी काढून धुऊन दिली आणि म्हणाले, "म्याडम, खाडी येवढ्यात सोडत न्हाय कुनाला."

उघाडीच्या बाहेर, खाऱ्या पाण्यातल्या दगडांवर, पातळ हिरवी पानं होती. बोटभर रुंद, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. दाराच्या आत, पंधरा पावलांवर एका डबक्यात, शेवयांसारख्या बारीक पोकळ नळ्या तरंगत होत्या. मी दोन पिशव्या भरल्या आणि दोन चिठ्ठ्या लिहिल्या. बाहेरचं उल्वा, आतलं एन्टेरोमॉर्फा. चिठ्ठीवर क्रमांक, जागा, तारीख. चिठ्ठी आधी आणि नमुना नंतर, ही माझी शिस्त होती.

मामा वाकून बघत होते. "दोन चिठ्ठ्या कशाला? यकच हाय हे."

"एक नाही, मामा. दोन वेगळे वंश आहेत."

"तुमच्या पुस्तकात असतील. आत ऱ्हायलं तं बारीक होतं, बाहेर गेलं का पसरतं. मी ल्हानपनापासनं बघतोय."

लॅबमध्ये आल्यावर मी दोन्हींचे आडवे छेद घेतले आणि मामांना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. नळीचा छेद म्हणजे पेशींचं एक गोल कडं, मध्ये पोकळी. पानाचा छेद म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या पेशींच्या दोन रांगा. मला वाटलं, आता पटेल. मामांनी बराच वेळ डोळा लावला आणि म्हणाले, "हां. यक फुगा हाय आनि यक हवा गेलेला फुगा हाय."

मी हसले. नुसती हसले नाही, तर पुढे कितीतरी वर्षं वर्गात हा किस्सा मजेचा म्हणून सांगितला. मुलंही हसायची.

आता चिंधीकडे येते. शेवाळ जपून ठेवायची एक जुनी पद्धत आहे. पाण्याने भरलेल्या ट्रेमध्ये ते पसरायचं, खालून जाड कागद सरकवायचा आणि अलगद उचलायचं. वर मलमलीचा तुकडा, त्यावर वर्तमानपत्रं, त्यावर वजन. शेवाळाला स्वतःचा चिकटपणा असतो, ते कागदाला धरतं आणि वाळल्यावर मलमल सुटून येते. त्या आठवड्यात मलमल संपली होती आणि नवीन यायला वेळ होता. मामांचे मेव्हणे लूमवर शिफ्ट करायचे. मामा त्यांच्याकडून कोऱ्या कापडाचा एक तुकडा घेऊन आले. छान पांढरा, पातळ. मी होकार दिला आणि वर्गावर गेले.

लूमवरून उतरलेल्या कोऱ्या कापडात खळ असते. ताण्याचं, म्हणजे उभं, सूत तुटू नये म्हणून विणण्याआधीच ती सुताला दिलेली असते. ती धुऊन काढायला हवी हे भिवंडीत शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मामांना तर नक्कीच ठाऊक होतं, पण म्याडम हो म्हणाल्या म्हणून त्यांनी घातलं. मलाही ठाऊक होतं, पण माझं लक्ष नव्हतं. चार दिवसांनी दाब काढला तर डबक्यातलं सगळं शेवाळ कापडाला चिकटलेलं. कागद कोरे.

मी मामांना मुलांसमोर बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, कारण ते शब्द मला आठवतात. शेवटी म्हणाले, "फेकून द्या ते." आणि नियम केला की यापुढे माझ्या लॅबमधला प्रत्येक नमुना फॉर्मॅलिनच्या, म्हणजे कुजू न देणाऱ्या औषधाच्या, बाटलीत जाईल. मामांनी बाटल्या धुतल्या, भरल्या, मेण लावून बंद केल्या आणि वर नावं लिहिली. मी निवृत्त झाले तेव्हा दोन कपाटं भरून बाटल्या रांगेत उभ्या होत्या. मला त्यांचा अभिमान होता.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर एक मुलगी दारात आली. पाठीला बॅग, पायात चिखलाचे बूट, ते तिने न सांगता बाहेर काढले. म्हणाली, "मॅडम, मी तुमच्या मामांची नात." ती पीएच.डी. करत होती, विषय खाडीतली हिरवी शेवाळं.

मी तिला चहा दिला आणि तिची शेवाळांची यादी वाचली. यादीत एन्टेरोमॉर्फा नव्हतं. मी विचारलं तर ती कपाकडे बघत म्हणाली, "ते नाव आता नाही, मॅडम. ते सगळं उल्वातच धरतात."

खरं सांगते, मला हे अगदीच नवीन नव्हतं. निवृत्त व्हायच्या आधी मी ते कुठेतरी वाचलं होतं. पण अभ्यासक्रमात जुनंच होतं, म्हणून मी जुनंच शिकवत राहिले.

तिने मला नवीन पद्धत समजावली. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए असतो, तो चार अक्षरांत लिहिलेल्या लांबच लांब ओळीसारखा. त्यातला ठरावीक तुकडा घ्यायचा आणि दोन शेवाळांच्या ओळी अक्षरागणिक पडताळायच्या. जवळजवळ सगळी अक्षरं जुळली तर जात एक. ठिकठिकाणी फरक असेल तर जाती दोन, मग रूप कितीही सारखं असो. अशी तपासणी केल्यावर जगभर नळीवाली आणि पानवाली एकमेकांत मिसळलेली निघाली. काही वेळा तर एकच जात कुठे नळी, कुठे पान.

"मग तुझं काम काय राहिलं?" मी विचारलं.

"आपल्या खाडीत काय आहे ते. आजोबा म्हणतात, उघाडीच्या आत-बाहेर एकच होतं. पण दोन वेगळ्या जाती शेजारी शेजारी असणं जास्त शक्य आहे, असं माझे मार्गदर्शक सर म्हणतात. बाहेरचं पान अजून आहे, त्याची ओळ मी काढली. आतलं डबकं आता नाही. तिथे गोडाऊन आहे."

डबकं नाही म्हणजे आतलं शेवाळ नाही. शेतं गेली, बांध गेला, उघाडीचे बाहेरचे दगड तेवढे उरलेत. तिच्या प्रबंधाचा मोठा भाग या एका प्रश्नावर उभा होता आणि तिच्या मार्गदर्शकांनी स्पष्ट सांगितलं होतं की आतल्याचा जुना नमुना मिळाला नाही तर ते प्रकरण काढून टाकावं लागेल. मग उरणार नुसती यादी, आणि त्यासाठी आणखी एक वर्ष. अंबाडीच्या बाजूच्या एका कॉलेजात तिला शिकवायची जागा मिळत होती, पण उन्हाळ्याच्या आत प्रबंध सादर झाला तरच. ती हे रडवेल्या आवाजात सांगत नव्हती. बोटं मोजत सांगत होती, म्हणून मला जास्त लागलं.

"एवढंच ना?" मी म्हणाले. "माझ्याकडे बाटली आहे. क्रमांकासकट."

दुसऱ्या दिवशी आम्ही कॉलेजात गेलो. बाटली तिच्या जागेवर होती, चिठ्ठी माझ्या अक्षरातली, आत नळ्या जशाच्या तशा. कापडाचा घोळ झाल्यावर त्याच डबक्यातून मी दुसऱ्यांदा आणलेला हा नमुना. मुलीने बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरली.

"मॅडम, हे फॉर्मॅलिनमध्ये आहे."

"अर्थात. कशी राहिलीय बघ."

"रूप राहतं. डीएनए राहत नाही. तो आतल्या आत जखडतो, त्याचे तुकडे पडतात. वाचता येत नाही. नुसतं वाळवलेलं असतं तर निघाला असता."

तिने तरी प्रयत्न केला. एकदा नाही, तीन बाटल्यांवर. काही निघालं नाही. माझी दोन कपाटं मायक्रोस्कोपला उपयोगी होती आणि तिला नव्हती. त्या आठवड्यात मी तुमच्याशी फोनवर नेहमीसारखीच बोलले, पण डबे दोनदा पुसले. त्याचा अर्थ तुमची आई सांगेल.

मग मी ठरवलं की निदान जागा तरी पक्की करून द्यावी. माझ्या वहीत 'उघाडीच्या आत पंधरा पावलं' एवढंच होतं. मामांच्या नातीबरोबर रिक्षाने वळ गावी गेले. मानकोलीच्या नाक्यावर कंटेनरच्या रांगेत अर्धा तास गेला. मामा ओट्यावर बसले होते. आता कान कमी झालेत, पण मला बघून उठून उभे राहिले.

"या म्याडम. चप्पल सांभाला, चिखल हाय."

जागेचं सगळं विचारून झालं. त्यांनी काठीने जमिनीवर बांध काढून दाखवला. मी म्हणाले, "मामा, ते पहिलं वाळवलेलं असतं तर आज तुमच्या नातीचं काम झालं असतं. मीच फेकायला लावलं."

"कुठलं वालवलेलं?"

"कापडाला चिकटलं होतं ते. मी रागावले होते तुमच्यावर."

"हां, ते," मामा म्हणाले. "ते कुठं फेकलं? घरी आनलंवतं ना मी."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "लोकांचे नवरे कॉलेजातनं मिठाई आनतात. ह्यांनी शेवाल आनलं. वर सांगतात, नीट ठेव, चांगलं दिसतंय."

मामांची नात पुढे आली. "आजोबा, तुम्ही मला हे कधी सांगितलं नाही."

"तू कधी इचारलंस? तू बाटल्या बाटल्या करत होतीस."

तिच्या आजींनी पत्र्याची पेटी उघडली. नऊवारींच्या खाली, घडी न घालता सपाट ठेवलेलं कोरं कापड, पिवळट झालेलं. त्यावर बारीक हिरव्या रेघा पसरलेल्या, रंग थोडा उतरलेला. तुम्हाला फोटोत दिसलं ते हेच. आणि कोपऱ्यात माझी चिठ्ठी, क्रमांक, जागा, तारीख, मामांनी लूमच्या सुताने चार टाके घालून शिवलेली. चिठ्ठी नसती तर ती चिंधी शास्त्राच्या दृष्टीने चिंधीच राहिली असती. माझी चिठ्ठी आणि त्यांचे टाके, दोन्ही लागले.

मुलीने तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतला. तिला दोन काळज्या होत्या. कापड कापसाचं आणि खळ मक्याची, दोन्ही वनस्पतीच. त्यांचाच डीएनए हाती लागायचा. त्यासाठी तिने असा जनुक निवडला की जो तपासताना हिरव्या शेवाळाचाच सापडतो, कापसाचा किंवा मक्याचा मध्ये येत नाही. दुसरी काळजी खळीची, ती रसायनांच्या कामात आडवी येते. आणि आडवी आलीच. पहिल्या वेळी काही मिळालं नाही. तिने फोन करून एवढंच सांगितलं, "मॅडम, नाही आलं."

मी म्हणाले, "खळ काढलीस का?"

"काढली. थोडी."

"थोडी नको. कोरं कापड आहे ते. कितीदा धुवावं लागतं ते आजीला विचार."

तिने खरंच विचारलं. आजींनी सांगितलं, पानी चिकट लागायचं थांबेपर्यंत. लॅबमधलं धुणं अर्थातच वेगळं असतं, ते बादलीत होत नाही, पण तिने ते पुन्हा पुन्हा केलं आणि दुसऱ्या वेळी एक तुकडा मिळाला. लहानसा, पण वाचता येणारा. तिने तो बाहेरच्या पानाच्या ओळीशेजारी ठेवला आणि मला संगणकाचा फोटो पाठवला. अक्षरांच्या दोन रांगा, वरखाली. मी चष्मा लावून, पट्टी धरून, एकेक अक्षर पडताळलं. संगणकाने आधीच केलं होतं, तरी केलं. एकाही ठिकाणी फरक नव्हता.

तिच्या मार्गदर्शकांनी आणखी एकदा, वेगळ्या तुकड्यावर करायला लावलं, आणि ते योग्यच होतं. तेही जुळलं. पाण्याच्या खारेपणामुळेच रूप बदलत होतं का, हे यातून सिद्ध होत नाही. तिने तसं लिहिलंही नाही. आत आणि बाहेर एकच जात होती, एवढंच सिद्ध झालं. प्रकरण राहिलं, प्रबंध होळीच्या आधी सादर झाला, आणि जूनपासून ती अंबाडीच्या बाजूला शिकवायला जाते. मला काल फोन करून विचारत होती की मुलं वर्गात बोलत राहिली तर काय करायचं.

कापड आता विद्यापीठाच्या संग्रहात जायचं आहे. त्या आधी एक काम बाकी होतं, त्यासाठी मी आणि ती परत वळ गावी गेलो. संग्रहात नमुन्याचं नाव बदललं तर जुनी चिठ्ठी काढत नाहीत. तिच्या खाली नवी चिकटवतात. तिच्यावर नवं नाव, तारीख आणि नमुना कोणी ओळखला त्याची सही असते. चुकीचं नाव सगळ्यांना वाचता यावं असं वरच राहतं. मी कापड जाड कागदावर बसवून नेलं होतं.

मी मामांना निकाल सांगितला. एकदा सांगितलं, मग कानाशी जाऊन सांगितलं.

"मंजे फुगाच निघाला," ते म्हणाले.

"फुगाच निघाला. तुमचं बरोबर होतं. मी मुलांसमोर हसायला नको होतं. आणि त्या दिवशी तसं बोलायलाही नको होतं."

मामांनी ते हाताने बाजूला सारलं. त्यांना दुसरंच काही विचारायचं होतं. "मंग आता आतल्याचं नाव काय?"

"उल्वाच."

"आनि ते लांबडं नाव? एन्टेरोमॉर्फा?"

"ते गेलं."

"चांगलं होतं वो," ते म्हणाले. "मी पाठ केलंवतं. बाटल्यांवर लिवायला लागायचं म्हनून म्हयनाभर करत होतो. ही झोपेत आयकायची."

"अजून म्हनतात मधनंमधनं," आजी आतून म्हणाल्या.

नवी चिठ्ठी मी आधीच लिहून नेली होती. शेवटची ओळ कोरी ठेवली होती: 'ओळखणाऱ्याची सही'. मुलीने सही करायला हवी होती, तसा प्रघात आहे. तिने पेन आजोबांच्या हातात दिलं. तिच्या सरांनी विचारलं तर मी उत्तर देईन असं ठरवलं होतं. अजून कोणी विचारलेलं नाही. तिची सही त्याच ओळीत त्यांच्या शेजारी आहे, लहान अक्षरात.

मामांनी सावकाश सही केली. मग वरच्या, माझ्या जुन्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. "ही फाडायची न्हाय?"

"नाही. नियम आहे."

ते कागद लांब धरून ती चिठ्ठी वाचत राहिले, क्रमांकापासून तारखेपर्यंत.

"ऱ्हाऊंदे," ते म्हणाले. "अक्षर बरं हाय तुमचं."